दुसरी थप्पड

मस्कतजवळ रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याच्या टाक्या आणि पाइप बनवणाऱ्या एका कारखान्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा मालकांच्या मनात आलं की कंपनीचा झेंडा किलिमांजारोच्या माथ्यावर लागला पाहिजे. मालक नुमान यांना कारखान्यात सगळे अर्बाब म्हणत. त्यांची आई झांझिबारला वाढलेली होती आणि त्या डोंगराचं नाव त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. त्यांनी जाहीर केलं की तीन जण जातील: एक मॅनेजमेंटमधलं, एक ऑफिसमधलं आणि एक शॉपफ्लोअरवरचं.

मॅनेजमेंटमधून रविकांत पानसे यांचं नाव आलं. ते पुण्याचे. ऑपरेशन्स मॅनेजर, पन्नाशीला टेकलेले, अठरा वर्षं मस्कतमध्ये. ऑफिसमधून एचआरची खुदेजा ही ओमानी मुलगी तयार झाली. तिच्या घरीही स्वाहिली बोलली जायची. आणि शॉपफ्लोअरवरून निवडला गेला मेंटेनन्सचा फिटर स्वरूप भुवड. संगमेश्वरकडचा, चौतीस वर्षांचा. अर्बाबांनी इच्छुकांना एका शुक्रवारी रुस्ताकच्या मागच्या डोंगरात नेऊन खिंडीपर्यंत चालायला लावलं होतं. बाकीचे पोचले तेव्हा स्वरूप तासभर आधी वर जाऊन, बूट काढून, खजूर खात बसला होता.

पानसेंना त्याच्या जागी सेल्समधला त्यांचा मित्र आशुतोष हवा होता. निवड झाली त्या दिवशी कँटीनच्या दारात ते आशुतोषला म्हणाले, "हा कॉम्प्रेसरची ग्रीसिंग करणारा माणूस. तिथे जाऊन काय करणार आहे?"

स्वरूप दोन पावलांवर ताट घेऊन उभा होता. मराठीत बोललेलं कारखान्यात ज्या सात-आठ जणांना कळलं असतं, त्यातला तो एक होता आणि पानसेंना ते माहीत होतं.

सरावासाठी ते दर शुक्रवारी जबल शम्सला, ओमानमधल्या सगळ्यात उंच डोंगरावर, जाऊ लागले. पहिल्याच दिवशी पानसेंनी नियम घातला. "भुवड, लीडरच्या पुढे जायचं नाही. तू शेवटी चालायचं."

"बरं, सर."

तीन महिने स्वरूप त्यांच्या बुटांच्या टाचा बघत चालला. पानसे धापा टाकत थांबले की तोही थांबायचा. एकदा त्याने लिंबू-मिठाचं पाणी पुढे केलं. पानसे बाटलीकडे न बघताच म्हणाले, "माझं माझ्याकडे आहे." त्यानंतर स्वरूपने विचारणं सोडून दिलं. खुदेजा दोघांच्या मधून चालायची. एका शुक्रवारी परतताना ती गाडीत म्हणाली, "तुम दोनों एक ही जगह के हो ना? फिर बात क्यों नहीं करते?" पानसेंनी रेडिओचा आवाज वाढवला.

फेब्रुवारीत ते टांझानियात पोचले. मुख्य गाइड एलिबारिकी हा चाळिशीतला शांत माणूस होता. खुदेजासोबत वेगळ्या तंबूत एक बाई गाइड होती. पानसे आणि स्वरूप यांना एक तंबू मिळाला.

पहिले दोन दिवस जंगलातून आणि मग झुडपांतून वाट गेली. गाइड सारखे "पोले पोले" म्हणायचे, म्हणजे हळूहळू. पानसेंना ते आवडायचं नाही. ते मुद्दाम पुढे निघायचे आणि मुक्कामाला आधी पोचले की घड्याळ दाखवायचे. तंबूत त्यांनी मधोमध आपली सॅक ठेवली होती. स्वरूपचा हात झोपेत पलीकडे गेला तर ते तो कोपराने ढकलायचे. तिसऱ्या दिवशी स्वरूपचे मोजे बाहेर दवात पडलेले सापडले.

"वास येत होता," पानसे म्हणाले.

स्वरूपने ओले मोजे पिळले आणि पायांत घातले. त्या दिवशी चालताना त्याच्या मनात पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत आलं, याला वर जाता येऊ नये.

दर संध्याकाळी एलिबारिकी सगळ्यांच्या बोटाला यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा. पानसे त्याच्या आधी हात खिशात चोळून गरम करायचे आणि लांब श्वास घेत बसायचे. आकडा जेमतेम बरा यायचा. "डोकं दुखतंय का?" असं विचारलं की ठणठणीत आवाजात "नो प्रॉब्लेम" म्हणायचे.

पाचव्या दिवशी दुपारी ते बराफूच्या तळावर पोचले. तिथे नुसते काळे दगड, वारा आणि उतारावर अडकवलेले तंबू. रात्री तिथून माथ्याकडे निघायचं होतं. स्वरूप पाण्याची बाटली भरून येत होता, तेव्हा त्याला एका खडकामागे पानसे वाकून उलट्या करताना दिसले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पोटातून काही निघेना तरी ओकत होते.

त्यांनी तोंड पुसलं आणि वर बघितलं.

"कोणाला बोललास तर बघ," ते म्हणाले. "परत गेल्यावर तुझं काँट्रॅक्ट रिन्यूअल माझ्याच टेबलावर येतं."

"मी कशाला बोलू?" स्वरूप म्हणाला.

आणि तो बोलला नाही. पुढे कितीतरी दिवस त्याने स्वतःला सांगून पाहिलं की नोकरीच्या भीतीने तो गप्प बसला. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की त्याला वाटलं होतं, जाऊ दे, चढ म्हणावं, बघू किती चढतो ते.

मध्यरात्री सगळे निघाले. खुदेजा आणि तिची गाइड सावकाश पण न थांबता पुढे गेल्या. पाच वाजता त्यांचे दिवे फार वर दिसत होते. एलिबारिकी, पानसे आणि स्वरूप मागे पडले. पानसे दहा पावलं चालायचे आणि काठीवर रेलून उभे राहायचे. त्यांचे पाय वाकडे पडत होते. साडेपाचच्या सुमाराला ते एकदम खाली बसले, हातमोजे काढून फेकले आणि खिसे चाचपू लागले.

"चावी कुठे गेली?"

"कसली चावी, सर?"

"गाडीची! बेसमेंटला लावलीय. नूतन खाली उभी आहे, तिला उशीर होतोय."

नूतन त्यांची बायको. ती मस्कतला अल खुवैरच्या घरात झोपलेली होती. एलिबारिकीने त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि छातीला कान लावला. छातीत घरघर होत होती. तो उठला आणि स्वरूपला तुटक इंग्रजीत म्हणाला, "मेंदूला सूज. छातीत पाणी. आत्ता खाली न्यायचं, नाहीतर मरेल."

"तुम्ही न्या," स्वरूप म्हणाला. "मी वर जातो."

"मी एकटा नेऊ शकत नाही. जड आहे, आणि भांडेल."

स्वरूपने वर बघितलं. पूर्वेकडे केशरी रेघ उमटली होती. त्या फिकट उजेडात ज्वालामुखीच्या तोंडाच्या कडेची धार दिसत होती, आणि तिथून पुढे माथ्यापर्यंत फारसा चढ नव्हता. दम त्याला मुळीच लागलेला नव्हता. पाय गरम होते, डोकं स्वच्छ होतं. आणखी दोन-अडीच तासांत तो तिथे उभा असता.

"आईचा घो," तो म्हणाला आणि पानसेंच्या काखेत हात घातला.

एलिबारिकीने सॅकमधून छोटं सिलिंडर काढून मास्क लावला. पानसेंनी तो ओढून काढला. त्यांना दोघांनी उभं केलं तसे ते ओरडायला लागले. "सोड! ढकलतोयस मला! मला माहितीय तुला काय पाहिजे ते!" त्यांनी काठी फिरवली. ती स्वरूपच्या तोंडावर बसली, खालचा ओठ फाटला आणि गरम रक्त हनुवटीवरून जॅकेटमध्ये गेलं. ते दुसऱ्यांदा काठी उचलत होते, तेव्हा स्वरूपने त्यांना सणसणीत थप्पड मारली.

पानसे थांबले. काठी हातातून गळाली. एलिबारिकीने मास्क पुन्हा बांधला आणि त्या तिघांनी उतरायला सुरुवात केली. भुसभुशीत मुरूम होता, पाय घोट्यापर्यंत जायचे. पानसेंचा सगळा भार स्वरूपच्या खांद्यावर होता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की त्यांची पँट ओली झाली आहे आणि थंडीने कडक होत चालली आहे.

सूर्य वर आला तसे ते एका दगडापाशी टेकले. पानसे शांत बसले होते. श्वास जरा ताळ्यावर आला होता. स्वरूपने मागे वळून पाहिलं. कडेवर माणसांची बारीक रांग दिसत होती आणि त्यांचं ओरडणं, हसणं वाऱ्यावर तुटक-तुटक खाली येत होतं. त्याने तोंडातलं रक्त थुंकलं, पानसेंकडे वळला आणि त्यांना पुन्हा एक थप्पड मारली. पहिलीपेक्षा जोरात.

पानसेंनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी डोळ्यांत भ्रम नव्हता. ते स्वरूपला ओळखत होते.

"बस," एलिबारिकी मध्ये येऊन म्हणाला. "हा आजारी माणूस आहे. बस."

दुपारपर्यंत ते अडतीसशे मीटरवर आले. तिथे पानसे एका तंबूत झोपले आणि चार तासांनी उठले तेव्हा बरेच माणसात होते. स्वरूप बाहेर ओठावर बर्फ धरून बसला होता. आतून आवाज आला.

"भुवड. मी वर काय-काय बोललो?"

"काही नाही, सर."

"आणि तू?"

स्वरूप उठून गेला. संध्याकाळी खुदेजा माथ्यावरून उतरून आली. तिने झेंडा लावला होता, फोटो काढले होते, ती रडत आणि हसत होती. स्वरूपने तिचं अभिनंदन केलं. तळावरच्या डॉक्टरने त्याच्या ओठाला टाके घातले होते, त्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते.

घरी फोन लावला तेव्हा बायकोने, मैनाने, व्हिडिओवर बघताच विचारलं, "काय झाला तुमच्या ओठाला?"

"दगडावर पडलो."

"आणि चढलात ना वर?"

"नाही."

मागे तिची शेळी ओरडत होती, तेवढंच ऐकू येत राहिलं.

कारखान्यात पुढच्या आठवड्यात सत्कार ठेवला होता. कँटीनमधली टेबलं बाजूला सरकवून खुर्च्या मांडल्या, भिंतीवर खुदेजाचा झेंड्याबरोबरचा मोठा फोटो. अर्बाब स्वतः आले. खुदेजाला शाल, फुलं आणि टाळ्या मिळाल्या. मग पानसे माइकपाशी गेले. चेहरा उतरलेला होता, पण आवाज नेहमीचा होता. ते इंग्रजीत आणि मग हिंदीत बोलले.

"डोंगरावर लीडरची परीक्षा असते," ते म्हणाले. "माझा सहकारी स्वरूप याची तब्येत शेवटच्या टप्प्यात बिघडली. समिट माझ्यासमोर होता. पण मी त्याला सोडू शकलो नाही. मला त्याचं दुःख नाही."

अर्बाबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. माणसं वळून स्वरूपकडे बघू लागली. शेजारी बसलेल्या वेल्डर ओमप्रकाशने त्याच्या मांडीवर थाप मारली. "क्या भाई, पहाड़ ने हवा निकाल दी?"

स्वरूपने जिभेने टाका चाचपला. पानसे माइकवरून त्याच्याचकडे बघत होते, आणि त्या नजरेत आव्हान होतं. ऊठ, सांग.

तो उठला नाही.

कार्यक्रम संपल्यावर खुदेजाने त्याला ऑफिसच्या कोपऱ्यात थांबवलं. "स्वरूप भाई, पानसे सरने झूठ बोला. एलिबारिकीने मुझे सब बताया है." गाइडने तिला स्वाहिलीत सविस्तर सगळं सांगितलं होतं. "मैं अर्बाब को बता दूँ?"

"नको. मतलब, नहीं."

"क्यों?"

"एलिबारिकीने थप्पड का भी बताया?"

"हाँ. दो."

"तो फिर? मॅनेजर को मारा, ये लिखोगी तुम फाइल में?"

खुदेजा एचआरची होती. फाइलमध्ये काय जातं आणि त्याचं पुढे काय होतं, हे तिला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती आपल्या टेबलाकडे परतली.

त्यानंतरचे चार महिने पानसेंनी त्याला सरळ असं काहीच केलं नाही. सगळं कागदावर बरोबर होतं. उन्हाळ्यात छतावरचे चिलर धुवायचं काम त्याच्या नावावर लागलं, तेही दुपारच्या सुट्टीआधीच्या, ऐन उन्हाच्या तासात. त्याने गणपतीची रजा टाकली होती, ती 'शटडाऊनमुळे' नामंजूर झाली. बसमध्ये, कँटीनमध्ये लोक त्याला 'समिट' म्हणून हाक मारू लागले. "ए समिट, वो सीढ़ी पकड़, गिर मत जाना." हे नाव कोणी पाडलं ते त्याला विचारावं लागलं नाही. आशुतोष मोठ्याने तेच नाव वापरायचा.

जुलैच्या अखेरीला नोटीस बोर्डावर बदलीचा कागद लागला. स्वरूप भुवड, इब्री डेपो. तिथे मशिनं नव्हती, फक्त गोदाम होतं. फिटरला करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

तो कागद फाडून घेऊन पानसेंच्या केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

"हे काय आहे, सर?"

"वाचता येतं ना?"

"मी तुम्हाला उचलून आणलं. तुम्ही तिथे मेला असता."

"मला माहीत आहे," पानसे म्हणाले.

हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. पानसेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला सगळं आठवतं, भुवड. चावी आठवते. पँट आठवते. डॉक्टर म्हणाले होते की आठवणार नाही, पण आठवतं. पहिली थप्पड आठवते, आणि ती मला कळते. मी काठी मारली, तू मला शुद्धीवर आणलंस. दुसरी कशाला होती?"

स्वरूपने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"मी गप्प बसलो होतो. मास्क लावला होता. चालत होतो. सांग, दुसरी कशाला मारलीस?"

"मला वर जायचं होतं," स्वरूप म्हणाला. "म्हणून मारली. तुमच्यामुळे गेलं. तिसरीपण मारली असती, एलिबारिकी मध्ये आला म्हणून."

"तेच," पानसे म्हणाले. "रोज सकाळी तू गेटमधून आत येतोस आणि तुझ्या तोंडावर मला तेच दिसतं. मला तू इथे नको आहेस."

"मग खरं सांगायचं होतं. माझी तब्येत बिघडली म्हणालात. चारशे माणसांसमोर."

"ते मी परत घेणार नाही."

"मग मी सांगतो."

"सांग. थप्पड पण सांगशील?"

"दोन्ही सांगीन."

पानसे हसले, पण त्यांना ते जमलं नाही. स्वरूप दार उघडून सरळ वरच्या मजल्यावर गेला. अर्बाबांकडे अपॉइंटमेंट नव्हती. बाहेर बसलेल्या खुदेजाने त्याचा चेहरा बघितला आणि न विचारता त्याला आत घेऊन गेली. त्याने हिंदीत सांगायला सुरुवात केली. हिंदी अडली तिथे खुदेजाने अरबीत सांगितलं. उलट्या, आपलं गप्प बसणं, काठी, पहिली थप्पड, दुसरी थप्पड. गप्प बसण्यामागे मनात काय होतं तेही त्याने सांगितलं. ते सांगताना मात्र तो अर्बाबांकडे न बघता समोरच्या कॉफीच्या किटलीकडे बघत होता.

अर्बाबांनी हातातली जपमाळ बाजूला ठेवली.

"तू माझ्या माणसाला जिवंत आणलंस," ते म्हणाले. "अल्ला तुला त्याचं फळ देईल. आणि तू माझ्या मॅनेजरवर हात उचललास. त्याच्या हाताखाली आता तू राहू शकत नाहीस. तो खोटं बोलला, ते मी त्याच्याशी बोलेन. पण कारखाना त्याला चालवायचा आहे. तू इब्रीला जा. पगार तोच. खलास."

स्वरूपला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. जिना उतरताना त्याला फक्त भूक लागली होती.

संध्याकाळपर्यंत गोष्ट साऱ्या कारखान्यात पसरली. कुठून फुटली कळलं नाही. कॉफी आणणाऱ्या माणसाने ऐकली असेल. कँटीनमध्ये कोणी त्याला 'समिट' म्हटलं नाही. ओमप्रकाश समोर येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "सच में मारा? बड़े साहब को?" त्याच्या आवाजात कौतुक होतं. ते कौतुक स्वरूपला त्या हाकेपेक्षा जास्त झोंबलं. तो ताट तसंच ठेवून उठला.

पानसे तीन दिवस कामावर आले नाहीत. चौथ्या दिवशी आले तेव्हा स्वरूप आपली पेटी पिकअपमध्ये चढवत होता. ते गाडीतून उतरले, त्याच्याजवळून गेले, थांबले नाहीत. शिफ्ट सुटून गेटबाहेर आलेले पंचवीस-तीस जण उभे राहून बघत होते. पानसेंचं तोंड पांढरं पडलं होतं. ते पायऱ्या चढून आत गेले. त्यांच्या मागे कोणीतरी दोन टाळ्या वाजवल्या, थप्पड मारल्यासारख्या, एकामागून एक. माणसं हसली.

स्वरूपने मागे वळून कोण ते बघितलं नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण त्या आनंदाची त्याला लगेच किळस आली. त्याने ड्रायव्हरला म्हटलं, "यल्ला, चलो."

इब्रीला डेपोत तो, एक बांगलादेशी स्टोअरकीपर आणि दोन लोडर एवढेच होते. उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली टाक्या चढवायच्या आणि उतरवायच्या. रात्री बाजारातल्या मलबारी हॉटेलात जेवायचं. मैना फोनवर "करमतं का?" विचारायची, तो "हो" म्हणायचा. गणपतीला त्याला रजा मिळाली, आणि गावात लोकांनी डोंगराबद्दल विचारलं तेव्हा त्याने थंडी, तंबू, चहाची चव असलं काहीबाही सांगून वेळ मारून नेली.

पुढच्या मार्चमध्ये खुदेजाचा मेसेज आला. पानसे सुट्टी काढून पुन्हा गेले होते, या वेळी एकटे, वेगळ्या वाटेने आणि जास्त दिवस घेऊन. फोटोत ते माथ्यावरच्या लाकडी पाटीशी उभे होते. डोळे सुजलेले, ओठ निळसर, हातात कुठलाही झेंडा नाही.

स्वरूपने फोटो मोठा करून चेहरा नीट बघितला. तिथे आनंद आहे का हे त्याला शोधायचं होतं. कळलं नाही.

"पोचला साला," तो मोठ्याने म्हणाला.

स्टोअरकीपरने वही खाली केली. "कौन पहुँचा, भाई?"

"कोई नहीं."

त्याने फोन खिशात टाकला. फाटकाबाहेर रुसैलहून आलेला ट्रक हॉर्न वाजवत होता. स्वरूपने हातमोजे चढवले आणि कडी काढायला निघाला.